बन्सीभाऊंचा रुमालाखालचा भाव

तीर्थपुरीत बन्सीभाऊंकडून लॅपटॉप घ्यायचा तर रुमालाखाली हात घालावा लागतो. खोक्यावर छापील किंमत असते, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ऑनलाइनचा भाव असतो, तरी बन्सीभाऊ खांद्यावरचा रुमाल काढून गिऱ्हाइकाच्या हातावर टाकतात आणि खालून त्याची बोटं दाबतात. किती बोटं धरली त्यावरून सौदा ठरतो. त्यांच्या वडिलांनी बाजारात मेंढरं अशीच विकली. चारचौघांत भाव बोलणं बन्सीभाऊंना आजही उघडं फिरल्यासारखं वाटतं.

बायकांना मात्र रुमाल नाही. "परक्या बाईचा हात धरू का?" म्हणून त्यांना तोंडी भाव, तोही पहिल्याच बोलीत शेवटचा. हे कळल्यापासून गावचे पुरुष रस्त्यापलीकडे उभे राहतात आणि बायकोला आत पाठवतात.

माझं वह्या-पेनांचं दुकान त्यांच्या शेजारी, मधे फक्त एक पत्रा. त्यामुळे नको असलं तरी सगळं ऐकू येतं.

"हा भारी कामाचा न्हाई," माल विकायच्या आधीच ते सांगून टाकतात. "मोठा कम्प्युटर म्हंजे म्हैस, तिला गोठा लागतो. ही शेळी हाय, कुठंबी बांधा. पोरांचा अभ्यास, टायपिंग, अर्ज, सगळं बराबर करती. गेम टाकला की मंग धाप लागती."

अशा दुकानदारीचं काय व्हायचं, असं मला वाटायचं. पण लोकांनी शेळ्या भराभर नेल्या.

पूर्वी इथे त्यांचं इंटरनेट केंद्र होतं. निकालाच्या दिवशी रांग माझ्या दारापर्यंत यायची आणि माझीही पेनं खपायची. मग हे लहान, स्वस्त लॅपटॉप आले. ते घरोघरी पोचवून बन्सीभाऊंनी स्वतःचंच केंद्र ओस पाडलं. पायावर धोंडा मारून घेतलात, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो.

"मी न्हाई विकला तर लोक जालन्याहून आणतेत," ते म्हणाले. "मंग मीच का न्हाई?"

केंद्रातली एकच खुर्ची रोज भरलेली असे. त्यांची मुलगी कांचन बारावीनंतर नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. आई वारल्यापासून ती संध्याकाळी बापाजवळच्या जुन्या कम्प्युटरवर बसायची. तिला लॅपटॉप हवा होता, म्हणजे घरी पहाटे उठूनही अभ्यास झाला असता. पण तिने हात लावला की प्रत्येक लॅपटॉपमध्ये बन्सीभाऊंना खोड दिसे. याची बॅटरी जल्दी उतरती, त्याची बटनं टणक, तिसऱ्याचा उजेड डोळ्याला बाधतो. तासाभरापूर्वी तोच लॅपटॉप कुणाला तरी कौतुकाने दाखवलेला मी ऐकलेला असे.

परीक्षा जवळ आली तेव्हा एका संध्याकाळी पत्र्यापलीकडून तिचा आवाज आला. "बाबा, साऱ्या गावाला दिला. मलाच का न्हाई?"

बन्सीभाऊंनी या वेळी कुठल्याच लॅपटॉपची खोड काढली नाही.

"तू घरी बसून वाचशील. मंग हितं मह्याजवळ कोण बसंल?"

"मंग ऱ्हाऊ द्या. हितंच वाचते."

ती अगदी सहज म्हणाली, पण बन्सीभाऊंना ते सोसलं नसावं. कपाटाचं दार वाजलं. "न्हाई. हा घे, बिलकुल चांगला हाय. जाय घरी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कांचन आली नाही. बन्सीभाऊ दुकानाचं शटर ओढून माझ्याकडे आले. एवढ्या वर्षांत ते कधी माझ्या दुकानाची पायरी चढले नव्हते. मला फार वाईट वाटलं, आणि या माणसाबद्दल मायाही वाटली. मी स्टुलावरचे वह्यांचे गठ्ठे उचलून खाली ठेवले.

"शटर ओढलं, तर घरी जायचं ना," मी म्हणालो.

"जातो की," ते टेकत म्हणाले. "पोरगी वाचून राह्यली. आत्ता गेलो तर मह्या जेवणासाठी उठंल."