कडू कार्डवाले काका

"कडू आहे! म्हणजे ओरिजनल आहे."

हे ऐकून मी जिन्यातच थांबले. तळमजल्यावरचे दिलीपकाका दारात उभे राहून व्हिडिओ गेमचं कार्ड चाटत होते.

हातात धरून खेळायच्या गेमच्या मशीनमध्ये घालायचं हे कार्ड अंगठ्याच्या नखाएवढं असतं. लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्याला कडू लेप देतात. काका सदर बाजारातल्या एका दुकानातून जुनी कार्डं आणतात आणि प्रत्येक कार्ड जिभेवर पारखून घेतात. काका दिसले की दुकानदार म्हणे आधी पाण्याचा ग्लास पुढे करतो.

काका बुटीबोरीला कापड गिरणीत मशिनी दुरुस्त करतात आणि प्रताप नगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकटे राहतात. डाउनलोड केलेल्या गेमवर त्यांचा भयंकर राग. माझे सगळे गेम तसलेच, म्हणून त्यांनी माझं नावच 'डाउनलोड' ठेवलंय.

"काहून वं डाउनलोड, भरली का मेमरी?"

मेमरी खरंच भरलेली असते. नवा गेम घ्यायचा तर जुना पुसावा लागतो. पण माझे गेम लवकर उघडतात, सारखं कार्ड बदलावं लागत नाही, सोफ्याखाली हरवत नाहीत. हे सगळं काकांना सुनावायचं मी रोज ठरवते. तोंडातून फक्त "हो काका" निघतं.

"लवकर उघडते, मान्य," काका स्वतःच म्हणतात. "पण कोणाले देता येते का तुले? कार्ड नेलं का माणसाले परत आणाले यावंच लागते!"

माझं दुखणं नेमकं तेच. कार्ड न्यायला तिसऱ्या मजल्यावरची रुचा यायची. शनिवारी यायचं आणि कुठवर पोचलो ते बसून सांगायचं, हा काकांचा नियम. मग तर्री-पोहे आणि आरडाओरडा.

"काका, त्या पुलावरून उडी नाही मारता येत!"

"अवं, मारून तर पाह्य!"

रुचाचं हसू माझ्या खोलीपर्यंत यायचं. तोच गेम मी कधीच डाउनलोड करून संपवला होता. पूल कसा ओलांडायचा ते मला पाठ होतं. विचारत कोणी नव्हतं. रुचाचं हसणं खोटं आहे, असं मी स्वतःला पटवत बसायचे. ते खोटं नव्हतं.

गेल्या शनिवारी मी दूध घेऊन वर चालले होते. रुचा काकांच्या दारातच उभी होती.

"काका, हे तुमचं कार्ड. मी गेम डाउनलोड केला."

"आन् आतापर्यंत खेळलेलं?"

"तुम्हीच सांगितलं ना, ते कार्डात नाही, मशीनमध्ये राहते. सोडला होता तिथूनच सुरू झाला! आता दर शनिवारी तुम्हाला त्रास नाही."

"अच्छा," काका म्हणाले. "बरं केलं वं."

ती धावतच वर गेली. मला आनंद झाला, अगदी जिन्याच्या दोन पायऱ्यांपुरता. मग वळून पाहिलं. आत टेबलावर पोह्यांच्या दोन बशा झाकून ठेवलेल्या होत्या. काकांनी ते स्वतःचंच कार्ड उलटंसुलटं केलं आणि पुन्हा जिभेला लावलं.

"कडूच आहे," ते हळूच म्हणाले. मग मी दिसले. "काय वं डाउनलोड, काय पाहून राहिली?"

मी त्या दोन पायऱ्या खाली उतरले.

"काका, हा गेम माझ्याकडे नाहीये. मला द्या ना. शनिवारी परत आणते."