झग्याला बिअरचा वास

शनिवारी संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की शिंपीकाका बिअरची एक बाटली उघडायचे. अर्धी त्यांची, अर्धी काकूंची. आधी डोळे मिटून देवाचे आभार मानायचे, मग घोट घ्यायचे. दुसरी बाटली घरात कधी आलीच नाही.

त्या शनिवारी मांडीवर नव्या पाळकांचा पांढरा झगा होता. दुसऱ्याच दिवशी त्यांची पहिली उपासना, आणि फक्त खालची पट्टी दुमडायची राहिली होती. काकांनी ग्लास भरला, तेवढ्यात दार वाजलं. दारात मोठ्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि दारूच्या कट्टर वैरी. काकूंनी बाटली पदराआड धरून स्वयंपाकघर गाठलं. काकांना काही सुचेना. त्यांनी ग्लास मांडीवर झग्याखाली घेतला.

"झगा कुठवर आला ते बघायला आले," म्हणत बाई खुर्चीत बसल्या आणि महिला मंडळाचा वर्षभराचा कारभार सांगू लागल्या. काका मान डोलवत राहिले. एकदा जरा जास्तच डोलवली आणि गुडघ्यापर्यंत गारवा उतरला. तरी चेहऱ्यावरचं हसू त्यांनी हलू दिलं नाही.

"मन लावून शिवताय हो," उठताना बाई म्हणाल्या. "मांडीवरून खाली ठेवत नाही."

मग धुलाई सुरू झाली. डाग गेला, वास जाईना. इस्त्री फिरवली तसा तो आणखी खुलला. शेवटी काकूंनी अत्तर शिंपडलं.

काकांनी हुंगून पाहिलं. "आता वरातीतून आल्यासारखा वास येतोय."

"मग जुना झगा घालायला सांगा त्यांना."

"तो मापासाठी उसवलाय मी."

सकाळी काकांनी घडी केलेला झगा पाळकांच्या हातात दिला. सगळं सांगायचंच ठरवून गेले होते, पण तेवढ्यात घंटा वाजली. पाळकांनी झगा चढवला, एकदा नाक आक्रसलं आणि वेदीकडे गेले.

पहिल्या गीताला पुढची रांग हुंगू लागली. आशीर्वादासाठी पाळकांनी दोन्ही हात पसरले, तेव्हा वास मागच्या बाकांपर्यंत पोचला. मोठ्या बाई उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, माफ करा, पण तुम्ही पिऊन आलात का?"

एका निरपराध माणसाची पहिलीच उपासना आपल्यामुळे बुडतेय, हे काकांना बघवेना. ते उठले.

"बाई, ती बिअर माझी. काल तुम्ही आलात म्हणून झग्याखाली लपवली."

"रोज घेता?" पाळकांनी विचारलं.

"शनिवारी, देवाचे आभार मानून एक ग्लास. उरलेली हिची." काकूंनी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"देवाचे आभार मानून घेता येतं आणि एका ग्लासावर थांबता येतं, तर लपवायचं कशाला?" पाळक म्हणाले. "लपवलीत म्हणून तर सांडली."

मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. "माझ्या भावाला थांबता आलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्या वाटेने आणखी कोणी जाऊ नये, एवढंच मला वाटतं."

पाळकांनी मान खाली घातली. मग आपलं प्रवचन बाजूला ठेवून त्यांनी त्या भावासाठी आणि थांबता न येणाऱ्या सगळ्यांसाठी प्रार्थना केली. दारातून बाहेर पडताना बाई काकांजवळ थांबल्या. "पुढच्या शनिवारी येते. मला चहा चालेल."

पुढच्या शनिवारी त्या आल्या. पण त्याच संध्याकाळी मंडळीतल्या चौघांना आपापल्या पँटी आखूड करून घ्यायची गरज पडली, आणि प्रत्येकाच्या पिशवीत पँटीखाली बाटली होती. काका बाईंकडे बघत राहिले. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला, सगळ्या बाटल्या आपल्या खुर्चीजवळ मागवून घेतल्या आणि काकूंना म्हणाल्या, "ग्लास आणा. एकेकच भरा, मी बघते."

तेव्हापासून दर शनिवारी शिंपीकाकांचं दुकान भरलेलं असतं. बाईंसमोर दुसरा ग्लास मागायची अजून कोणाची छाती झालेली नाही.