तोंडात पाणी धरून ऐकणारे भाऊराव

समोरचा मनुष्य आपले दुःख सांगू लागला की भाऊराव गडव्यातून पाण्याचा एक घोट घेतात आणि तो गिळत नाहीत. दोन्ही गाल फुगवून, डोळे सांगणाऱ्यावर ठेवून ते स्वस्थ बसतात. प्रथमच पाहणाऱ्यास त्यांची दाढ दुखत असावी असे वाटते. वस्तुतः ते त्या वेळी कर्तव्य बजावत असतात.

वर्ध्याजवळच्या एका रुग्णालयात रुग्णांचे जुने केसपेपर सांभाळण्याचे काम आम्ही दोघे करतो. मध्यंतरी रुग्णालयाने कर्मचाऱ्यांतूनच सहा ‘साथी’ निवडले. कामाचा वा घरचा ताण असह्य झाला, तर सहकाऱ्याने साथीपाशी मन मोकळे करावे, अशी ही योजना. साथीने ऐकावे, ऐकलेले बाहेर बोलू नये, आणि गरज दिसल्यास त्या माणसाला सोबत घेऊन मानसोपचार विभागात जावे. सल्ला देण्यास मात्र सक्त मनाई.

भाऊराव सर्वांशी बोलतात, म्हणून त्यांची निवड झाली. ते जे बोलतात तो सल्लाच असतो, हे निवडणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही. “माह्यं ऐक, मंग पाय,” ही त्यांची सुरुवात ठरलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका परिचारिकेला बदली मागायला सांगितले, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला लग्न उरकायला, आणि धुलाईघरातल्या बाईंना गुळवेलीचा काढा घ्यायला. प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी बोलावून समज दिली.

“मॅडम, इलाज सांगतो मी,” भाऊराव म्हणाले. “तोंडच भरून ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी गडवा आला. एकदा ऐन घोटात अधीक्षक फाईल मागायला आले. भाऊरावांनी बोटांनीच वर्ष, रॅक आणि कप्पा दाखवला. “मौनव्रत धरलं का?” अधीक्षकांनी विचारले. भाऊरावांनी गंभीरपणे मान हलवली.

पुढील प्रसंग मी भाऊराव आणि गजानन या दोघांच्याही संमतीने सांगतो. गजानन हा आमचा रुग्णवाहिकेचा चालक. वडनेरहून आणलेला एक रुग्ण त्याच्या गाडीत वाटेतच दगावला. दोष कोणाचाच नव्हता. परंतु गजाननने नंतर गाडी चालवली नाही. भाऊरावांनी त्याला मानसोपचार विभागातही नेऊन आणले होते. तरीही एका दुपारी तो कागद घेऊन आला. मी रॅकमागे काम करत होतो, हे दोघांनाही ठाऊक होते.

“भाऊ, राजीनामा लिवून आनला,” तो म्हणाला. “स्टिअरिंग धरलं का हात कापतेत. माही फटफटी बी पंधरा दिसापासून दवाखान्याच्या स्टँडवर पडून हाय. मले नाई जमत आता.”

भाऊरावांचे गाल फुगलेलेच. गजानन बराच वेळ बोलला. मग मध्येच थांबून त्याने विचारले, “तुमी साऱ्याईचं ऐकता. तुमचं कोन ऐकते?”

प्रशिक्षणात या प्रश्नाची तरतूद नव्हती. भाऊरावांनी घोट गिळला.

“तुही काकू गेल्यापासून कोनीच नाई गा,” ते म्हणाले. “घरी जातो, कुलूप काढतो, रेडिओ लावतो. लोकाईले अक्कल शिकवत होतो ना मी, ते काऊन? कोनी उलटून भांडलं, तं तेवढंच बोलनं होते.”

पंधरा वर्षे मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. ही माहिती मला नवी होती.

नंतर ते थांबले नाहीत. पत्नीचे आजारपण, तिच्या हातचे वांग्याचे भरीत, शेवटच्या दिवशी नेमके कामावर आलो ही खंत, सारे क्रम सोडून बाहेर आले. गजानन एकदाही मध्ये बोलला नाही. कार्यालय सुटायची वेळ झाली, तेव्हा त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

“आज ऑटोनं नका जाऊ, भाऊ. मी सोडतो. राह्यलेलं वाटेत सांगजा.”

मी खिडकीशी गेलो. गजाननने रुमालाने सीटवरची धूळ पुसली. किक मारल्यावर तो क्षणभर हँडल घट्ट धरून तसाच थांबला. भाऊराव मागे बसले होते. त्यांनी घाई केली नाही. मग गाडी अगदी सावकाश फाटकाबाहेर पडली आणि वर्ध्याच्या रस्त्याला लागली.