पैनगंगेवरील दोहों हातांची फत्ते

श्री. शके अठराशे अठ्ठावन्न, धातानाम संवत्सरे, फसली तेराशे सेहेचाळीस, आश्विनमासी, दसऱ्याचे सोने लुटून जाहल्यावर, कनेरगाव नाक्यानजीक पैनगंगेच्या डोहात मोगलाई आणि वऱ्हाड या दोन दौलतींमध्ये जे रण माजले, त्याची हकीकत ऐसीजे. नदीच्या अलीकडे हैदराबादेचे राज्य ती मोगलाई आणि पलीकडे इंग्रजाचा अंमल ते वऱ्हाड, सबब अलीकडची म्हैस पोहत पलीकडे गेली तर ती परमुलखी गेली ऐसे समजावे, आणि अलीकडची सून पलीकडच्या माहेरी गेली तर तो परदेशप्रवास. या युद्धात तोफ नाही, तलवार नाही. दोन बायका बेडकाप्रमाणे हातपाय मारीत डोह ओलांडून आल्या, इतकेच. परंतु थोर लढायाही झाडावर बसून पाहणारास याहून फार निराळ्या दिसल्या असतील, ऐसा आमचा समज नाही.

कलहाचे मूळ एका पटक्यात. राजश्री तातेराव पाटील, अलीकडील काठाचे धनी, यांची सून मनकर्णा ही पलीकडील काठची लेक. तिचा भाऊ किसनराव याचे लग्नात मानाचा पटका प्रथम पाटलांचे डोईस बांधावयाचा, तो गर्दीत भलत्याच पाव्हण्याचे डोईस बांधिला गेला. मग पाटील पंगतीतून भरल्या पानावरून उठले आणि घरी येऊन हुकूम सोडिला, की आजपासून या घरच्या माणसाचा पाय त्या काठाच्या मातीस लागता नये. लग्न किसनरावाचे, चूक पटकेवाल्याची आणि कैद मनकर्णेस, हा न्याय जुनाच आहे. तिला दळता दळता आईच्या चुलीचा धूर दिसे. धूर दिसला की ती जात्याचा खुंटा नेटाने ओढी आणि पीठ भरड पडे, आणि सासू सखुबाई ती भरड कण्यांस म्हणून उचलून ठेवीत.

ऐसियास एके दिवशी नाक्यावर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, कारकून वेदमूर्ती मार्तंडपंत शिळे वर्तमानपत्र वाचीत बसले होते. हे पंत स्वतः नदीकाठी तांब्याने स्नान करणारे. परंतु पत्रातील मजकूर ऐसा, की विलायतेकडे मुलखामुलखांच्या बायका पाण्यात बेडूकहाताने शर्यत करितात, आणि शेवटी दोन्ही हात बरोबरीने लाविले तरच जिंकणे, एक हात लाविल्यास बाद. पाटील तेथे विडा चघळीत होते, आणि किसनराव गुळाच्या गाडीची जकात भरण्यास खोळंबला होता. उभयतांचे बोलणे बंद, सबब जे बोलणे ते पंतांचे मारफत.

"पंत, त्यात काय नवल?" पाटील म्हणाले. "आमची सून रोज डोहात पडून म्हशी हाकून आणती. विलायतंच्या बायांनी येऊन बगावं."

"पंत, पाटलाले सांगा," किसनराव गुळाकडे पाहात म्हणाला, "बहीण माही पव्हायले आमच्याच काठाले शिकली. अन् आमची द्वारका तिच्याहून वरचढ हाये."

पंतांनी दोन्ही वाक्ये दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसांस पुन्हा नेऊन पोचविली, आणि त्यात उभयतांस नव्याने राग आला. मग खलबत होऊन कौल ठरला: किसनरावाची बायको द्वारकाबाई वऱ्हाडाकडून, मनकर्णा मोगलाईकडून; पलीकडून निघावे आणि अलीकडे पाटलांचे समोर पाण्यालगत बांधिलेल्या सोलास, म्हणजे जाड दोरास, विलायती नियमाने हात लावावे. मनकर्णा जिंकल्यास वऱ्हाडाने खाली मान घालावी, पटका विसरला जाईल आणि सुनेस भाऊबीजेस माहेरी धाडण्यात येईल. हरल्यास त्या काठाचे नावही घरात निघता नये.

हे फर्मान मनकर्णेस चुलीपुढे कळले. भावजयीस हरवावे, भावास चारचौघांत खाली पाहावयास लावावे, तेव्हा आई भेटावयाची. तिने तव्यावरची भाकरी करपू दिली, आणि मग दुसरी थापिली.

मोहिमेची तजवीज सखुबाईंनी हाती घेतली. गोधड्या धुण्याचे निमित्ताने रोज डोहावर मजल. खुराक म्हणावा तर शेंगदाणे आणि गूळ. आणि बाभळीस विहिरीचा सोल बांधून तालीम, की दोन्ही हात लागले की नाही ते सासूने निरखून पाहावे. मनकर्णेचे हात दरवेळी बिनचूक लागत. परंतु मोठमोठ्या मुत्सद्द्यांच्या मसलतीत जशी एक खोट राहते तशी येथेही राहिली, की तालमीस बायकांवाचून कोणी नसे. त्या खोटेचा तपास पुढे लागला.

शर्यतीचे दिवशी दोन्ही तीरांवर अठरापगड फौज लोटली. मनकर्णेस पलीकडे पोचविणे प्राप्त, परंतु पाय मातीस लावण्याची मनाई, सबब गूळ शिजविण्याची काहील पाण्यात लोटून तीत तिला बसविले, आणि नवरा संतराम काहील ढकलीत नेऊ लागला. हे संतराम सबंध कलहात एक शब्द बोलल्याची नोंद नाही. पलीकडे कमरेइतक्या पाण्यात ती काहिलीतून उतरली. काठावर तिची आई पारुबाई उभी होती, चार पावलांवर.

"वाळली वं माय," पारुबाई म्हणाली.

"न्हाई, बरी हाय मी," मनकर्णा म्हणाली, आणि पाण्याने तोंड धुतले, म्हणजे डोळे कशाने भिजले ते कोणास कळू नये.

मग शिंग वाजले. उभय सेनापतींनी कासोटे आवळिले, पदर कमरेस खोचिले आणि पाण्यात अंग झोकिले. द्वारकाबाईंचा जोर मोठा, पाणी दोहों बाजूंस फाकत जाई. मनकर्णेचा आवाज नाही, परंतु दर हातास अंतर तुटे. डोहाचे मध्यावर द्वारकाबाई पुढे होती, मग मनकर्णेने तिला गाठिले, आणि मग मागे टाकिले. अलीकडील फौजेत जी आरोळी उठली तिने पाटलांची म्हैस दावे तोडून पळाली. मनकर्णेस काही ऐकू येत नव्हते. तिला पुढे सोल दिसत होता आणि सोलामागे भाऊबीज.

ती सोलापाशी आली, तोंड वर केले, आणि समोर साक्षात मामंजी! बाजेवर बसलेले, मिशांस पीळ दिलेले, मागे भाऊबंद आणि गावातील यच्चयावत थोर पुरुष. आणि डोईवर पदर नाही! मग जे व्हावयाचे तेच जाहले. डावा हात सोलास लागला आणि उजवा हात, कोणी सांगितल्यावाचून, कमरेचा पदर ओढून डोईवर घेऊन गेला.

"एकच हात! बाद! दुसरा लागेतो जिंकणे नाही!" मार्तंडपंत पुकारले.

"सूनबाई, दुसरा हात लाव!" पाटील गर्जले. लग्न होऊन आल्यापासून मामंजींनी सुनेस समोरासमोर घातलेली ही पहिलीच हाक. ती ऐकून मनकर्णेने पदर हनुवटीपर्यंत ओढिला. पाटील आणखी ओरडले, पदर आणखी खाली आला. मागून द्वारकाबाईंचे पाणी कापणे जवळ येऊ लागले, आणि मोगलाई बुडण्याची घटिका आली.

मग सखुबाई बायकांच्या मोर्चातून पुढे होऊन कडाडल्या, "अवो, तुमी तोंड फिरवा की तिकडं! तुमी असं बगून राह्यले तर लेकरू पदर काहून सोडंल?"

तातेराव पाटलांच्या सात पिढ्यांत शत्रूस पाठ दाखविलेला पुरुष झाला नव्हता. त्यांनी पत्नीकडे पाहिले, नदीकडे पाहिले, आणि बाजेवरून उठून पाठमोरे जाहले. त्यांचे मागे भाऊबंद फिरले, मग गाव फिरला, आणि मार्तंडपंत, जे पंच, तेही भिडेपोटी फिरले.

परंतु मनकर्णेस हे कळावे कैसे? पदर डोळ्यांवर. ती तशीच एका हाताने सोल धरून अंधारात उभी राहिली, आणि इतक्यात द्वारकाबाई येऊन पोचली, आणि दोन्ही हात बरोबरीने, विलायती नियमास धरून, सोलावर ठेविले. वऱ्हाड जिंकिले. पलीकडचा काठ दूर आणि मागच्या बायकांस पुरुषांची भिंत आड, सबब हे जगात दोन माणसांनी पाहिले, एक स्वतः द्वारकाबाई आणि दुसऱ्या सखुबाई.

द्वारकाबाईने शेजारी पाहिले. पदराखाली नणंदेचे खांदे हलत होते, आणि ते दमाने नव्हते. घरी आपली सासू पारुबाई रोज संध्याकाळी नदीकडे तोंड करून बसते, हे द्वारकेहून कोणास अधिक ठाऊक? तिने आपले हात सोलावरून काढिले आणि नणंदेचा पदरावरचा हात धरिला.

"वन्स, सोडा ना पदर," ती हळूच म्हणाली. "सारे पाठमोरे हायेत."

तिने तो हात आणून सोलावर ठेविला, आणि दुसराही नीट केला. मनकर्णा तिच्याकडे पाहातच राहिली. बोलावयास गेली, तो द्वारकेने डोळ्यांनी दटाविले.

"काय निकाल?" पंतांनी पाठमोरेच पुसिले.

द्वारकाबाई म्हणाली, "वन्स जितल्या."

मग सर्वांनी सखुबाईंचे बोलण्याची वाट पाहिली. सखुबाईंनी उभ्या जन्मात देवापुढे खोटे सांगितले नव्हते; नवऱ्यापुढचा हिशेब निराळा.

"व्हय," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात. बराबर."

मोगलाईत हलकल्लोळ जाहला. पलीकडे किसनरावाने रिवाजाप्रमाणे खाली मान घातली, आणि पाटील इतके प्रसन्न जाहले, की बैलांच्या शिंगांस रंग देण्याचा हुकूम त्यांनी स्वमुखे फर्माविला. द्वारकाबाईंस पराभूत सेनापती म्हणून साडीचोळी देण्यात आली. ती घेताना त्या हसत होत्या, आणि पुरुषांनी त्याचा अर्थ निर्लज्जपणा ऐसा लाविला.

येणेप्रमाणे पैनगंगेवर मोगलाईची फत्ते जाहली आणि वऱ्हाडाने शिकस्त खादली, ऐसे दोन्ही काठच्या कर्त्या पुरुषांनी एकमुखाने सांगितले, ते तैसेच येथे दाखल केले आहे. भाऊबीजेस विजयी सेनापती गाडीत बसून शत्रूच्या मुलखात उतरली. तिचा पाय मातीस लागला तेव्हा पारुबाईने घातलेली मिठी सुटेना, सबब दारात भाकरतुकडा ओवाळून टाकण्याचे काम पराभूत सेनापतीने केले. मग दोघी सेनापती आत गेल्या, आणि शर्यत खरी कोणाची, हे चुलीपाशी सर्व बायकांस कळले, आणि कोणी बाहेर सांगितले नाही.