सहा बटणांचं जाकीट

ही गोष्ट एकोणीसशे ब्याण्णव सालची. अर्ज भरण्यात माझा हात धरणारं तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं, निदान माझी तरी तशी समजूत होती.

आमचे हे शिंपी. आदल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचं उजवं अंग गेलं. मी लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर होते. सकाळी त्यांचं सगळं आवरून पळायचं, दुपारच्या सुट्टीत येऊन भरवायचं, पुन्हा पळायचं. नणंदेने स्पष्टच सांगितलं होतं, "वहिनी, नोकरी आणि दादा, दोन्ही तुझ्याने व्हायचं नाही. मी शुश्रूषागृहात खाट सांगून ठेवलीय." ह्यांना घरी ठेवायचं तर सरकारी भत्ता मिळवून नोकरी सोडणं, एवढा एकच मार्ग होता.

भत्ते दोन. एक अपंगत्वाचा, दुसरा देखभाल करणाऱ्याचा. दोन्ही अर्ज मी एका बैठकीत भरले. 'देखभालीसाठी किती वेळ देता?' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'फावल्या वेळात.' नवऱ्याचं करायचं त्याचे काय तास मोजायचे?

मग तपासनीस बाई येणार म्हणून पत्र आलं. परकं माणूस घरी यायचं आणि आपण गबाळं बसायचं, हे आम्हा दोघांच्याही रक्तात नव्हतं. ह्यांची दाढी केली, त्यांनीच शिवलेलं सहा बटणांचं जाकीट चढवलं आणि खुर्चीत असे बसवले की नवरदेव वाटावेत. बाईंनी तब्येत विचारली, हे म्हणाले, मजेत. मला विचारलं, फार करावं लागतं का? मी म्हटलं, छे, कसलं काय.

पंधरा दिवसांत दोन पत्रं आली. अर्जदाराचा पोशाख नीटनेटका, अपंगत्व भत्ता नामंजूर. पत्नी फावल्या वेळात थोडी मदत करते, तोही नामंजूर. नणंद वाचता वाचता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हळूच म्हणाली की दादाची बॅग काढून ठेव.

मी कचेरी गाठली. तिथल्या कारकुनाने मला बसवून घेऊन समजावलं. पहिला भत्ता त्यांच्या हातासाठी, दुसरा तुमच्या दिवसासाठी. पहिला मिळाला तरच दुसरा, आणि त्यासाठी आठवड्याचे निदान पस्तीस तास दिसले पाहिजेत. फेरतपासणी एकदाच होईल, त्या दिवशी काही झाकू नका.

त्या दिवशी मी हाताची घडी घालून बसले. जाकीट उघडंच ठेवलं. बाई आत आल्या आणि ह्यांना राहवेना. डाव्या हाताने बटण लावू लागले. बटण निसटायचं, हे पुन्हा धरायचे. नणंदही आली होती, ती भिंतीकडे बघत बसली. शेवटी एक बटण बसलं, तेही चुकीच्या काजात. दुसऱ्याच कुणा शिंप्याने बिघडवलेलं काम बघावं तसे हे त्याच्याकडे बघत राहिले.

माझी घडी सुटली. उठून सगळी बटणं लावली, हनुवटी पुसली, घसरलेला पाय वर घेतला. आपण काही करतोय हे माझ्या ध्यानातही नव्हतं. बाईंनी विचारलं, असं दिवसातून किती वेळा? मी म्हणाले, फारसं नाही हो.

"तिला विचारू नका," हे म्हणाले. जीभ जड होती, तरी शब्द न् शब्द कळला. "ती खोटं बोलते. ती घरात असते आणि मी जागा असतो, तेवढा वेळ हेच करते. झोपलो की कूस बदलायला उठते."

बाईंनी तसंच्या तसं लिहून घेतलं. दोन्ही भत्ते मंजूर झाले आणि मी लाँड्री सोडली.

त्या बाई पुढे कचेरीच्या प्रमुख झाल्या. कारकून म्हाताऱ्या आईसाठी नोकरी सोडून घरी बसला. त्याचा अर्ज मी भरला, तासांसकट. नणंदेने खाट रद्द केली आणि दर रविवारी मला झोपता यावं म्हणून ती दादाजवळ बसायला येई. आता तीही नाही. हे नऊ वर्षं घरी राहिले आणि घरीच गेले.

त्यानंतर आठ आठवड्यांनी कचेरीचं पत्र आलं. 'आपल्याकडे देखभालीचे काम उरले नसल्याने भत्ता बंद करण्यात येत आहे.' माझ्याबद्दल इतकं अचूक त्या कचेरीने पूर्वी कधी लिहिलं नव्हतं.