दादारावांच्या गच्चीवरचा आकडा

मे महिन्याच्या भर दुपारी अकोल्यात गच्चीवर दोनच गोष्टी वाळताना दिसतात: पापड आणि आमचे शेजारी दादाराव. पापडांचा नाइलाज असतो. दादाराव मात्र हौसेनं डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून स्टुलावर चढतात, थर्मामीटर वाचतात आणि आकडा स्वतःच्या वेबसाइटवर टाकतात. पुढे शेरा: 'आज ४५. कूलरनं हात टेकले.'

"आकडा खोटं बोलत नाई," हे त्यांचं पालुपद. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवल्याचा परिणाम.

वेबसाइट मीच करून दिली. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि दादारावांना नाही म्हणायची माझी छाती नाही. वेबसाइट कुठल्या गावातून उघडली गेली, तेही तिच्यावर दिसतं. ती रोज दोघं पाहतात. एक ते स्वतः, दुसरे अमरावतीचे हमीदभाई, त्यांच्याच शाळेतले जुने सोबती. 'तुहं थर्मामीटर टिनाखाली हाय, म्हणून आकडा चढते. खरी गर्मी अमरावतीत!' असं हमीदभाई एकदा बोलले आणि तेव्हापासून दोन वर्षं अबोला. वेबसाइट मात्र रोज उघडायचे.

परवा दादाराव तोंड पाडून दुकानात आले. "चार दिवस झाले, अमरावतीवाला येऊन नाई राहिला."

"मग फोन करा."

"मी काहून करू? चूक त्याची हाय."

हमीदभाईंचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, या काळजीनं बिचाऱ्यांचं जेवण तुटलं होतं. पण फोन म्हणजे हार. मी धीर द्यायला म्हणालो, "त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या फायरवॉलनं अडवलं असेल. भिंतच असते ती. संशय आला की साइट उघडूच देत नाही."

"मंग जाय अन् त्या भिंतीले भोक पाडून ये!"

काल गच्चीवर ते आकडा वाचत असताना त्यांचं स्टूल धरलं आणि आज एसटीत भाजून निघत अमरावती गाठली. दार हमीदभाईंनीच उघडलं. चांगले धडधाकट! दादारावांचा शेजारी म्हणताच त्यांनी मला आत ओढलं. "चार दिवसांपासून साइट उघडून नाई राहिली, बेटा. त्यानं मले हाकललं का?"

"फोन करून विचारायचं ना."

"मी काहून करू?"

मी कपाळाला हात लावला. सुनेनं नवं सुरक्षेचं सॉफ्टवेअर टाकलं होतं आणि त्याच्या फायरवॉलला दादारावांची साइट संशयास्पद वाटत होती. वाटणारच. मी साइटचं नाव परवानगीच्या यादीत टाकलं आणि पान उघडलं. वर कालची नोंद होती: 'आज ४३. अमरावतीत जास्त असंन.'

"त्रेचाळीस? मे मईन्यात? अकोल्यात?" हमीदभाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

काल पारा मीही पाहिला होता. शेहेचाळीस. मी तसं सांगून टाकलं.

हमीदभाईंनी मोबाइल माझ्या हातात कोंबला. म्हणाले, "फोन लाव त्याले."

मी लावून दिला.

"अबे दादाराव, आकडा खोटा हाय तुहा."

पलीकडून उत्तर आलं, "जित्ता हायेस ना बे? मंग झालं."