टोकं काढलेली पाटी

बर्फ दोन इंच.

सभेनंतर कॉफी आणि लेफ्सा मिळेल.

व्हर्लिन हाउगेनचा पहिला ट्रक तळ्यातून क्रेनने वर काढला, तेव्हा पुढच्या सीटवर मासा होता.

गोल अक्षरावर आजवर कुणी खटला भरलेला नाही.

समाजातल्या बहुतेक भांडणांचं मूळ अक्षरांच्या टोकात असतं. मिनेसोटातल्या आमच्या तळ्याकाठच्या गावाने हे वेळीच ओळखलं.

निमित्त व्हर्लिनच्या बायकोचं. दर हिवाळ्यात नवरा सगळ्यांच्या आधी तळ्याच्या बर्फावर ट्रक नेऊन मासे धरायला जातो, जुनी पाटी गंजली आहे, त्याला थांबवेल अशी नवी पाटी द्या, असा अर्ज मार्लिसने नगर समितीकडे केला. समितीने शहरातून नवं अक्षरवळणच, म्हणजे फॉन्टच, मागवलं.

वळणाचं नाव 'मिटन', म्हणजे बोटं नसलेला मऊ हातमोजा. ते कंपासने आखलेलं आहे. प्रत्येक इंग्रजी ओ पूर्ण वर्तुळ, प्रत्येक रेघ सारख्या जाडीची, प्रत्येक टोक चोखलेल्या गोळीसारखं. याआधीचे उपयोग : बाळाची पावडर, दातांचे दवाखाने, नोकरी गेल्याची पत्रं (निम्म्या लोकांनी उलट आभार कळवले).

'बर्फ पातळ आहे. पुढे जाऊ नका.' एवढाच मजकूर. उद्गारचिन्ह टोकदार म्हणून गेलं. लाल रंग ओरडतो म्हणून पीचचा आला.

मार्लिसने पाटी दोनदा वाचली. मग अध्यक्षांना म्हणाली, "कर्टिस, ही त्याला थांबवतेय की वाढदिवसाला बोलावतेय?"

"दटावल्यासारखं नको गं वाटायला," कर्टिस म्हणाला. "आपलीच माणसं आहेत."

शनिवारी व्हर्लिनने पाटीपाशी ट्रक थांबवला. (जुन्या पाटीपाशी तो कधीच थांबला नव्हता. ही प्रगती समितीने नोंदवली आहे.) पाटी पूर्ण वाचली. काच खाली करून काठावरच्या बायकोला म्हणाला, "छान केलीय गं. इतकं मायेनं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

आणि पुढे गेला.

मार्लिसने गाडीत दोर ठेवला होता. तो गोल वळणाचा नव्हता, खरखरीत होता. व्हर्लिन त्याला धरून बाहेर आला. ट्रक आला नाही.

चौकशी झाली. घोंगडीतून व्हर्लिनने सांगितलं, "वाचली की पाटी. बरं वाटलं, म्हणून गेलो." अहवालात ते असं आलं : वाचन शंभर टक्के, समाधान शंभर टक्के, बुडणं अक्षराच्या कार्यकक्षेबाहेर. शिफारस : कोपरे आणखी मऊ करावेत.

"धोक्याची सूचना वाचून इतक्या निवांतपणे पुढे कोण जातं?" मार्लिसने विचारलं.

बर्फाची जाडी या गोष्टीच्या पहिल्याच ओळीत दिली होती. तुम्ही ती वाचलीत, आणि लेफ्सा म्हणजे काय असेल याचा विचार करत पुढे आलात.

चालत जाणाऱ्या माणसाला चार इंच लागतात.